हायपोस्पेडियासचं ऑपरेशन: ठाणे-नवी मुंबईतल्या आईवडिलांसाठी

बाळाच्या लघवीचं छिद्र टोकाला नसून शिश्नाच्या खालच्या बाजूला असेल (यालाच हायपोस्पेडियास म्हणतात), तर सुंता करू नका. मुंब्रा-भिवंडीकडे ती बऱ्याच घरांत लवकर उरकतात. पण तीच कातडी सर्जनला नवा मूत्रमार्ग झाकायला, कधी बनवायलाही लागते. ऑपरेशननंतर बहुतेक वेळा रूप सुंता केल्यासारखंच दिसतं. एखादा अंडकोष हाताला लागत नसेल, तर आधी हार्मोन आणि गुणसूत्रांची तपासणी.

योग्य वय 6 ते 18 महिने. हे काम नेहमी करणारा पेडियाट्रिक सर्जन किंवा पेडियाट्रिक युरोलॉजिस्टच शोधा. ठाण्याहून लोकलने परळचं वाडिया आणि सायनचं टिळक रुग्णालय गाठता येतं. दोन्हीकडे बालशल्यचिकित्सा विभाग आहे.

कोणती पद्धत, हे छिद्राच्या जागेइतकंच शिश्न किती वाकलंय, म्हणजे त्याच्या बाकावर ठरतं. भूल दिल्यावर कातडी मुळापर्यंत मोकळी करतात आणि सलाइन भरून कृत्रिम ताठरता आणतात. खरा बाक तेव्हा कळतो. छिद्र टोकाजवळ आणि बाक कमी असेल, तर स्नॉडग्रास पद्धत (1994). मूत्रमार्गाच्या पट्टीला मधोमध उभी चीर द्यायची, ती साधारण 6 फ्रेंच मापाच्या बारीक नळीभोवती गुंडाळून अगदी बारीक (7-0) विरघळणाऱ्या धाग्याने शिवायची, वर कातडीखालच्या मऊ थराचं पांघरूण घालायचं. हे पांघरूण विरळ राहिलं की फिस्टुला होतो, म्हणजे नव्या मूत्रमार्गाला बाजूने लघवी गळणारं भोक पडतं. टाके टोकाकडे फार पुढे नेले की छिद्र आवळतं.

बाक जास्त असेल तर सहसा दोन टप्पे: आधी सरळ करून अग्रत्वचेच्या (सुंतेत काढतात त्या कातडीच्या) आतल्या बाजूचं किंवा गालाच्या आतलं अस्तर लावायचं, किमान 6 महिन्यांनी त्याचा मूत्रमार्ग बनवायचा. ‘एकाच वेळी उरका’ असा हट्ट धरू नका. ताणून बसवलेलं काम उसवतं.

भुलेआधी अंगावरचं दूध 4 तास, वरचं दूध 6 तास बंद.

घरी डबल डायपर लावा. आतल्या डायपरला भोक पाडून ऑपरेशनमध्ये ठेवलेली लघवीची नळी बाहेर काढा, म्हणजे शी आत राहते आणि लघवी बाहेरच्या डायपरमध्ये जाते. नळी साधारण आठवडाभर असते. ती दुमडली नाही ना, हे प्रत्येक डायपर बदलताना बघा. बाळ अचानक पाय आखडून कळवळलं, तर ती बहुधा मूत्राशयाची कळ असते. त्यावरच्या ऑक्सिब्युटिनिनने बद्धकोष्ठ होतं आणि कुंथण्याने टाक्यांवर ताण येतो, म्हणून शी मऊ राहील असं औषध डॉक्टरांकडून घ्या. 2-3 आठवडे कडेवर घेऊ नका, बाळ आडवं धरा. तीन-चार तास डायपर कोरडा, ताप, किंवा दाबूनही न थांबणारं रक्त दिसलं, तर थेट रुग्णालय.

नळी निघाल्यावर धारेचा व्हिडिओ काढून सर्जनला दाखवा. दोन धारा म्हणजे फिस्टुला असू शकतो. बारीक धार आणि कुंथणं म्हणजे छिद्र आवळलंय, तेव्हा लगेच जा. फिस्टुला मात्र सूज पूर्ण ओसरल्यावर, निदान 6 महिन्यांनीच शिवायचा.