उत्तरसूची उघडण्याआधी गणित लहान करून पाहा

पाच पत्रं पाच पाकिटांत अशी घालायची की एकही आपापल्या पाकिटात जाऊ नये. किती प्रकारे? उत्तर ४४. पण आपली पद्धत बरोबर आहे का, हे उत्तरसूची सांगत नाही. म्हणून आधी तीनच पत्रं घ्या. सगळ्या ६ रचना कागदावर लिहा (कंटाळा येतो, तरी लिहाच); चालणाऱ्या २ निघतील. आता तुमची रीत लावा. ६ − ३ × २ (तिन्हीपैकी एकेक पत्र जागेवर ठेवलं की उरलेल्यांच्या २ रचना) म्हणजे शून्य आलं? मग घोळ तिथेच आहे: दोन पत्रं जागेवर पडली की तिसरंही पडतं, आणि ती एकच रचना तीनदा वजा झाली. पत्रांच्या तीन जोड्यांसाठी एकेक असे ३ मिळवा, तिन्ही जागेवर असलेली १ वजा करा. जमलं की चार पत्रांवर तपासा. २४ पैकी ९ यायला हवेत. संभाव्यता विचारली असेल तर पाचासाठी ४४/१२०, म्हणजे ११/३०.