मोडी कागदांचा रुमाल डिजिटल करताना

रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, सोडला की कागदांचा क्रम मोडू नका. वरवर विस्कटलेल्या गठ्ठ्यातही एकाच वतनाचे, एकाच तंट्याचे कागद शेजारी असतात. विषयवार लावायला गेलात की तो धागा कायमचा तुटतो. गठ्ठा सुटेल तसा प्रत्येकाच्या मागे कोपऱ्यात मऊ शिसपेन्सिलीने क्रमांक घाला. चिकटपट्टी, स्टेपल, लॅमिनेशन नकोच. घडीवर कडकलेला कागद ताणला तर तिथेच तुकडा पडतो. तो संवर्धकाकडेच द्या.

कॅमेरा स्टँडवर, कागदाला अगदी समांतर. दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत एकसारखे एलईडी दिवे, फ्लॅश नको. शेजारी मोजपट्टी आणि रंगपट्टी ठेवा. इंचाला ४०० पिक्सेल हवेत. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात ए४ मापाचा कागद एका फोटोत बसतो, ए३ बसत नाही. त्याचे दोन घ्या. एकाखाली एक बंद (कागदाचे ताव) जोडलेले लांब कागद टप्प्याटप्प्याने टिपा, मागच्या फोटोतला एक तृतीयांश भाग पुढच्यात येऊ द्या. पाठ कोरी दिसली तरी तिचा फोटो घ्याच: जोडावरचा शिक्का किंवा बारीक शेरा पुष्कळदा तिथेच असतो. मूळ प्रत टिफमध्ये (तपशील न गमावणारा फाइल-प्रकार), वाचायला हलकी जेपेग.

फाइलच्या नावात रुमाल, कागद, बाजू एवढेच. बाकी सगळे तक्त्यात. तिथे सर्वांत जास्त चुका तारखेच्या होतात. शुहूर सन (मराठेशाहीच्या कागदांतली कालगणना) अरबी शब्दांत, एकं आधी असा लिहितात: ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ म्हणजे २ + ७० + १०० + १०००, अर्थात ११७२. हे वर्ष मृगाला बदलते, म्हणून त्यात ५९९ मिळवून येणारे १७७१ फक्त डिसेंबरपर्यंत चालते. जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे. शकातही तसेच: बहुतेक वर्षभर ७८, अखेरच्या महिन्यांत ७९. मूळ मजकूर एका रकान्यात, काढलेले इसवी वर्ष दुसऱ्यात लिहा, म्हणजे चूक सापडली तर दुरुस्त करता येते.

तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या गावी. प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइल जराही बदलली तर बदलणारा, तिच्यावरून काढलेला आकडा) काढून वर्षातून एकदा ताडून पाहा. बिघडलेली डिस्क बाहेरून धडधाकटच दिसते.

मोडीला २०१४ पासून युनिकोड (संगणकावर अक्षरे लिहिण्याचे जागतिक प्रमाण) आहे, तरी वाचक शोधणार देवनागरीतच. म्हणून निदान गाव, व्यक्ती आणि विषय यांचे बाळबोध (देवनागरी) लिप्यंतर मूळच्याच शुद्धलेखनात द्या, प्रचलित रूप शेजारी. शंकास्पद अक्षरापुढे प्रश्नचिन्ह टाका.