पुढच्या चाकांना मडगार्ड बसवताना

पावसाळ्यात काळ्या रानातून डांबरी रस्त्याला लागताच आमच्या फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरची पुढची चाके चिखलाचे गोळे थेट चालकाच्या अंगावर आणि दिव्यांवर उडवत असत. वेग वाढवला की रस्ताही नीट दिसत नसे, आणि हे फार धोक्याचे होते. म्हणून पुढे मडगार्ड बसवले.

त्यांचा आधार चाकाच्या आतल्या बाजूला बोल्टने जोडलेला असल्याने ते चाकाबरोबरच वळतात. त्यामुळे एक चाक उंचवट्यावर चढवून, स्टिअरिंग पूर्ण वळवून, मडगार्ड बॉनेटला घासते का हे दोन्ही बाजूंनी पाहिलेच पाहिजे. आमचे उजवे घासत होते. आधारपट्टीला नवी भोके पाडून ते थोडे बाहेर सरकवले. टायरवर मात्र भरपूर मोकळी जागा ठेवावी, कारण चिकट काळी माती तिथे ठासून बसते आणि चाक अडवते.