परवानगीचा वाद वकिलाकडे नेण्यापूर्वी भाडेकरूने करावयाची तयारी

लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरात घरमालक आणि भाडेकरू यांचे तंटे पुष्कळदा भाड्याच्या रकमेवरून नव्हे, तर घराच्या वापरावरून होतात: दोघा विद्यार्थ्यांना दिलेल्या खोलीत चौघे राहू लागतात, स्वयंपाकघरातून डबे जाऊ लागतात, खिडकीचे गज कापून कूलर बसवला जातो, उन्हाळ्यात गच्चीवर अंथरुणे पडतात. "तुम्हीच हो म्हणाला होतात" आणि "मी असे बोललोच नाही" या दोन वाक्यांवर प्रकरण अडले की कागद असलेल्याची बाजू पुढे सरकते, म्हणून वकिलाची वेळ घेण्यापूर्वीच कागद जमवावेत.

सर्वप्रथम करार शब्दन् शब्द वाचावा. सर्रास होणारा अकरा महिन्यांचा करार बहुधा लिव्ह अँड लायसन्सचा (म्हणजे भाडेकरूचा हक्क न देता ठराविक मुदतीपुरती राहण्याची परवानगी देणारा) असतो, आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 24 नुसार अशा लेखी करारात जे नमूद असेल तो त्या बाबीचा निर्णायक पुरावा ठरतो. त्यामुळे "केवळ निवासासाठी" असे छापलेले असताना तोंडी होकाराच्या भरवशावर शिकवणी किंवा पार्लर चालवणाऱ्याची बाजू लंगडीच राहते. याउलट नोंदणीकृत लेखी करारच नसेल, तर कलम 55 प्रमाणे नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असून, अटींविषयीचे भाडेकरूचे म्हणणे अन्यथा सिद्ध होईपर्यंत ग्राह्य धरले जाते. जुन्या वाड्यांतील भाडेकरूंनी पूर्वीच्या पिढीच्या पावत्याही शोधाव्यात, कारण हा कायदा येईपर्यंत मराठवाड्यात हैदराबादचा 1954 चा घरभाडे कायदा लागू होता आणि भाडेकराराची सुरुवात त्या काळातली असू शकते.

घरात काही बदल केला असेल, तर तो काढता येण्याजोगा आहे की पक्का, हे दिसेल अशी छायाचित्रे घ्यावीत. घरमालकाच्या लेखी संमतीविना पक्के बांधकाम करणे हे कलम 16 नुसार घर खाली करून घेण्याचे कारण आहे. मात्र लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा उभा ओटा, वायुवीजनासाठी आवश्यक खिडकी, एसी किंवा धुराडे यांसारखी कामे, जेथे लागते तेथे नगरपालिकेची किंवा महानगरपालिकेची परवानगी घेऊन केली असल्यास, त्याच कलमाच्या स्पष्टीकरणाने यातून वगळली आहेत. पुष्कळ घरमालकांना हे ठाऊक नसते, आणि भाडेकरूंनाही.

खोलीत जादा माणसे असतील, तर कोण कधीपासून राहतो आणि भाडे कोण कोणाला देतो, हे प्रामाणिकपणे लिहून काढावे. बारावीच्या परीक्षेपुरता आलेला भाचा ही एक गोष्ट, आणि खोली स्वतःच्या नावावर घेऊन इतरांकडून पैसे घेणे ही दुसरी. दुसरीत पोटभाड्याचा आरोप टाळणे कठीण असते.

भाड्याच्या पावत्या आणि बँकेची नोंद तारखेप्रमाणे लावावी. वापर ठाऊक असूनही घरमालक भाडे घेत राहिला, ही बाब उपयोगी पडू शकते, पण तिलाच परवानगी समजू नये. व्हॉट्सॲपवरील संभाषणाचे केवळ स्क्रीनशॉट न ठेवता मूळ फोन जपावा, कारण संभाषणाची प्रत पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 (पुराव्याचा कायदा) च्या कलम 63 खालील प्रमाणपत्र त्या प्रतीसोबत द्यावे लागते.

वाद चिघळल्यावर बोअरची मोटर बंद करणे किंवा वीज तोडणे हा हमखास डाव असतो. पुरेशा कारणाशिवाय आवश्यक सेवा तोडण्यास भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम 29 ने मनाई आहे आणि त्यासाठी न्यायालयात अर्ज करता येतो. परंतु नळाला कित्येक दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात टंचाई कोणती आणि अडवणूक कोणती, हे दाखवण्यासाठी त्याच इमारतीतील शेजाऱ्याकडे त्या दिवशी पाणी होते की नाही, याचीही नोंद ठेवावी.

वकिलाची फी झेपत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. स्त्रिया तसेच अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तींना तेथे उत्पन्नाची अट नाही, त्यामुळे त्यांनी ओळखपत्र किंवा जातीचा दाखला, करार आणि पावत्यांच्या प्रती एवढे सोबत न्यावे.