‘माझ्याकडे तर चालतंय!’ : सी आणि सी++ लिहिताना या चुका टाळा

टर्बो सी++ या जुन्या कंपायलरवर (लिहिलेला कोड मशीनला चालवता येईल असा करून देणारा प्रोग्रॅम) कॉलेजची सगळी प्रॅक्टिकल्स पार पाडलेला मुलगा लॅपटॉपवर जीसीसी हा आजचा कंपायलर टाकतो, जर्नलमधला प्रोग्रॅम जसाच्या तसा उतरवतो आणि पहिल्याच ओळीला ठेचकाळतो. ‘आयओस्ट्रीम डॉट एच’ नावाची फाइलच नाही म्हणे! मग वर्गातलं कोणीतरी शहाणं सांगतं, नवे कंपायलर फार कटकटे असतात. पण टर्बो सी++ ३.० हा १९९०च्या दशकाच्या सुरुवातीचा. सी++चं पहिलं आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानक संस्था) स्टँडर्ड, म्हणजे भाषेची अधिकृत नियमावली, आलं १९९८ साली, आणि त्यातल्या हेडरचं (कोडच्या वर जोडायच्या तयार फाइलचं) नाव नुसतं ‘आयओस्ट्रीम’, शेपटी नाही. म्हणजे जुना कंपायलर नियम मोडत नव्हता. त्याच्या काळी नियमच छापून झाले नव्हते. त्याला डॉसबॉक्समध्ये (जुन्या डॉसची नक्कल करणारा प्रोग्रॅम) आजही जिवंत ठेवलंय ते आपण.

कंपायलरलाच भाषा समजणं

बाकीच्या बहुतेक चुका हिच्याच पोटातून निघतात. स्क्रीन पुसणारं ‘सीएलआरएससीआर’ सी भाषेत कधीच नव्हतं, ते टर्बो सी बनवणाऱ्या बोरलँडने दिलेलं फंक्शन. ‘व्हॉइड मेन’चं (मेन हे मुख्य फंक्शन काहीच परत करत नाही, असं लिहिण्याचं) थोडं वेगळं आहे. सी++ला ते चालतच नाही, मेनने इंट (पूर्णांक) परत करायलाच हवा. सीमध्ये मात्र एखाद्या कंपायलरने आपल्या मॅन्युअलात लिहून परवानगी दिली असेल, तर तेवढ्यापुरतं चालतं. इंटरव्ह्यूत हा फरक सांगणारा उमेदवार भेटला की मी खूश होतो.

आयएसओ फक्त स्टँडर्ड छापते. कंपायलर तपासून शिक्का मारत नाही. ‘आम्ही सी++१७ (२०१७चं स्टँडर्ड) पाळतो’ हा कंपनीचा स्वतःचा दावा असतो. तो खोटा असतो असं नव्हे, पण खालची बारीक अक्षरं वाचावी लागतात.

‘एकाचं उत्तर चूक असणारच’

३०० गुणिले २०० करा. टर्बो सीवर इंटमध्ये उणे ५,५३६ दिसतं, जीसीसीवर ६०,०००. पैज लावू नका, दोन्ही कंपायलर नियमातच आहेत. इंटमध्ये किमान ३२,७६७ पर्यंतचे आकडे मावले पाहिजेत, एवढंच स्टँडर्ड सांगतं. टर्बो सीचा इंट १६ बिटांचा, त्यात ६०,००० मावत नाही, आणि चिन्हासहित इंट ओसंडला की पुढे काय व्हावं यावर स्टँडर्डने हात झटकलेत. ‘लाँग’ या मोठ्या पूर्णांकाचंही तेच: ६४ बिटी लिनक्सवर ८ बाइट, ६४ बिटी विंडोजवर ४. आकार महत्त्वाचा असेल तर सी९९ (सीचं १९९९चं स्टँडर्ड) पासून ‘एसटीडीइंट’ हेडरमध्ये ठरावीक रुंदीचे प्रकार आहेत, ते वापरा.

याहून वाईट सापळा ‘कॅर’ या एका अक्षराच्या प्रकाराचा. एकेक अक्षर वाचणाऱ्या ‘गेटकॅर’ने परत केलेली किंमत कॅरमध्ये ठेवून ईओएफशी (फाइल संपल्याची खूण, बहुधा उणे एक) ताडून पाहणारा लूप इंटेलच्या लॅपटॉपवर वर्षानुवर्षं सुरळीत चालतो. तोच रास्पबेरी पायवर नेला की थांबतच नाही. पायच्या एआरएम प्रोसेसरवरच्या लिनक्सवर नुसता कॅर बिनचिन्हाचा धरतात, त्यामुळे त्यात उणे एक कधी दिसतच नाही. गेटकॅर इंट देतो, तो इंटमध्येच घ्या. (इंटेलवरही हा लूप निर्दोष नाहीच: फाइलमध्ये २५५ किमतीचा बाइट आला की मध्येच थांबतो.)

आणि तोंडी परीक्षेतला लाडका प्रश्न: आय बरोबर आय++ अधिक ++आय, उत्तर काय? उत्तर ठरलेलंच नाही. एका कंपायलरवर आकडा पाहून तो पाठ करणं म्हणजे फाशाचं दान पाठ करणं.

फ्लॅग न देता ‘स्टँडर्ड’ म्हणणं

जीसीसीला फ्लॅगने (कमांडला जोडायच्या सूचनेने) काहीच सांगितलं नाही तर तो प्रमाणभाषा बोलत नाही, जीएनयू या आपल्या प्रकल्पाची वाढीव बोली बोलतो. म्हणूनच सी++मध्ये चलातून लांबी घेणारा अ‍ॅरे खपून जातो आणि मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरवर आपटतो. स्टँडर्डचं वर्ष सांगणारा फ्लॅग एकटा पुरत नाही, सोबत ‘पेडँटिक एरर्स’ द्या. स्पर्धांमध्ये सर्रास वापरलं जाणारं ‘बिट्स’ फोल्डरातलं सगळं-एकात हेडरही जीसीसीच्या घरचंच. मॅकवर टर्मिनलमध्ये ‘जीसीसी’ टाइप केलं तरी एरवी क्लँग हा दुसराच कंपायलर उठतो, तिथे ते हेडर मिळत नाही.

मायक्रोसॉफ्टकडे निराळी गंमत. सी++१७ निवडूनही एखादी लायब्ररी ‘कंपायलर जुना आहे’ म्हणून अडून बसते. कारण आवृत्ती सांगणारा ‘सीप्लसप्लस’ मॅक्रो (कंपायलरने आधीच किंमत ठरवलेलं नाव) तिथे अजूनही १९९७११ हा सी++९८चाच आकडा देतो. बदलला तर त्यावर विसंबलेला जुना कोड मोडेल, म्हणून. खरा आकडा हवा असेल तर ‘झेडसी’ गटातला त्या मॅक्रोच्या नावाचा स्विच लावा, आणि ‘परमिसिव्ह’ला उणे चिन्ह जोडून सैलपणाही बंद करा.

वॉर्निंगकडे काणाडोळा

न जाहीर केलेलं फंक्शन वापरण्याची सूट सी९९ने काढून घेतली. जीसीसी मात्र वॉर्निंगवर भागवत राहिला, थेट २०२४ मधल्या १४व्या आवृत्तीपर्यंत. आता ती एरर झाली आणि जुने प्रोजेक्ट कोसळले. त्यावर एरर दडपणारा फ्लॅग शोधू नका. योग्य हेडर जोडा.

नियम बनवणारेही कधी माघार घेतात, हे खरं. सी++९८ मधली टेम्प्लेट (प्रकार नंतर ठरवता येणारा कोडचा साचा) ‘एक्सपोर्ट’ करण्याची सोय जवळपास कोणी बनवलीच नाही, शेवटी सी++११ने ती वगळली. पण म्हणून ‘कंपायलरमध्येच बग आहे’ ही पहिली शंका ठरू नये. आधी कोड दहा-पंधरा ओळींवर आणा, जीसीसी आणि क्लँग दोन्हींवर चालवा, ‘अनडिफाइन्ड’ सॅनिटायझर (प्रोग्रॅम चालताना नियमबाह्य गोष्टी पकडणारी तपासणी) लावा. बग नोंदवण्याआधी ‘एफरॅपव्ही’ (ओसंडलेला इंट गुंडाळून घेणारा) आणि ‘नो स्ट्रिक्ट एलिअसिंग’ (मेमरीतल्या एकाच जागेकडे वेगळ्या प्रकारांनी पाहू देणारा) हे फ्लॅग लावून पाहा, असं जीसीसीवालेच सांगतात. त्याने उत्तर बदललं, तर बहुधा बग तुमच्याच ओळीत आहे.