गाडीत नवा स्टिरिओ: वायरिंग आणि विमा

सांगलीत विश्रामबागला बसवा नाहीतर साताऱ्यात पोवई नाक्याला, फिटरला आधीच बजावा: कंपनीची वायर कापायची नाही. तुमच्या मॉडेलचा कपलर (वायर न कापता जोडायचा तयार सॉकेट) आणायला लावा. कापलेल्या वायरीवरून वॉरंटीचा वाद हमखास निघतो.

बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढूनच काम सुरू करा. बहुतेक स्टिरिओंना पिवळी वायर कायम १२ व्होल्टची, लाल चावीवरची, काळी अर्थिंगची. पिवळी-लाल उलट झाली, की चावी काढताच घड्याळ आणि सेटिंग पुसलं जातं. दोन्ही पिवळीच्या लाईनवर गेल्या, तर स्टिरिओ बंदच होत नाही आणि चार दिवस उभ्या गाडीची बॅटरी बसते.

ॲम्प्लिफायर असेल तर त्याच्या वायरीवर बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज हवाच. वायर कुठे घासून बॉडीला टेकली, तर आग रोखणारा तोच. अर्थिंगच्या बोल्टखालचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडा. रेस दिली की स्पीकरमधून येणारी शिट्टी बहुधा तिथलीच असते.

आता विमा. कंपनीला कळवाच, तेही लेखी. बाहेरून बसवलेला स्टिरिओ गाडीच्या आयडीव्हीत (विम्यासाठी ठरवलेल्या गाडीच्या किमतीत) धरलेला नसतो. जीएसटी बिल जोडून ‘इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीज’चं एंडोर्समेंट (पॉलिसीत लेखी भर) मागा, विम्याच्या जुन्या मोटार टॅरिफप्रमाणे (दरपत्रकाप्रमाणे) जादा हप्ता किमतीच्या ४ टक्के, म्हणजे २०,००० च्या सेटला ८०० रुपये अधिक जीएसटी. फक्त थर्ड पार्टी पॉलिसीत चोरीची भरपाई मिळतच नाही.