थंडीसाठीच्या स्लीपिंग बॅगची बाहेर झोपून चाचणी घेताना या चुका टाळा

थंडीसाठी घेतलेली स्लीपिंग बॅग आपल्याला कितपत पुरते, हे मोहिमेत कळण्यापेक्षा आधी घराजवळच्या मोकळ्या जागेत कळलेले बरे. मात्र अशी चाचणी घाईने घेतली, तर चांगल्या बॅगेवर नाहक ठपका येतो किंवा अपुऱ्या बॅगेवर भलताच विश्वास बसतो. मी स्वतः पहिल्या चाचणीत हीच चूक केली होती. उणे ७ अंशांच्या रात्री, उणे १० अंशांपर्यंत आरामदायी म्हणून विकलेल्या बॅगेत पहाटे तीनच्या सुमारास माझी कंबर आणि पाठ इतकी गारठली, की बॅग परत करायची हे मी तिथेच ठरवून टाकले. दुसऱ्या रात्री थंडी तेवढीच होती, बॅग आणि कपडेही तेच होते. फक्त अंगाखाली फोमची एक मॅट वाढवली आणि उजाडेपर्यंत जाग आली नाही. दोष बॅगेचा नव्हताच.

यामागचे कारण साधे आहे. बॅगेतील पिसे किंवा कृत्रिम तंतू यांच्यामध्ये अडकलेली हवा ऊब धरून ठेवते. परंतु अंगाखालचा भाग आपल्या वजनाने दबतो, त्यातील हवा निघून जाते आणि तिथे बॅगेचा उपयोग जवळजवळ संपतो. जमिनीकडे जाणारी उष्णता अडवण्याचे काम मॅटलाच करावे लागते. मॅटची ही क्षमता आर-व्हॅल्यूमध्ये सांगतात आणि दोन मॅट एकावर एक घातल्या की त्यांच्या आर-व्हॅल्यूंची बेरीज होते. साधारण २ ची फोमची आणि ३ ची हवेची मॅट मिळून ५ च्या आसपास आकडा होतो, आणि बर्फावर किंवा गोठलेल्या जमिनीवर झोपायचे असेल तर निदान एवढा तरी आधार असावा, असे माझे मत आहे. आत काहीही भरण नसलेली, नुसत्या हवेची जाड गादी मऊ लागते. पण थंडीत ती फार कमी ऊब टिकवते, कारण तिच्यातील हवा आतल्या आत फिरत राहते. मोहिमेत जी मॅट नेणार आहात, तीच चाचणीत वापरावी.

बॅगेवरचा आकडा नीट न वाचणे ही तितकीच मोठी चूक आहे. युरोपात २००२ मध्ये आलेल्या ईएन १३५३७ या मानकानुसार, आणि पुढे २०१६ च्या आयएसओ २३५३७ नुसार, तापलेला, संवेदक बसवलेला पुतळा बॅगेत ठेवून मोजमाप करतात आणि त्यावरून कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम असे आकडे काढतात. कम्फर्ट म्हणजे सर्वसाधारण स्त्रीला सैलावून झोपता येईल असे तापमान, तर लिमिट म्हणजे सर्वसाधारण पुरुषाला अंग आखडून का होईना, थंडी न वाजता रात्र काढता येईल असे तापमान. एक्स्ट्रीम हा झोपेचा आकडा नव्हेच. त्या तापमानात हुडहुडी भरते आणि शरीराचे तापमान धोकादायक पातळीपर्यंत घसरण्याची भीती असते. तरीही अनेक जण बॅगेवरचा सर्वांत खालचा आकडा वाचून त्याच तापमानात चाचणी घेतात. पहिली रात्र कम्फर्टच्या आकड्यापेक्षा काही अंश उबदार असावी आणि त्यानंतर एकेक पायरी खाली उतरावे. मोजमाप करताना पुतळ्याच्या अंगावर लांब थर्मल आणि मोजे असतात आणि खाली मॅट असते, हे लक्षात घेऊन आपणही कोरडे थर्मल घालावे. कपड्यांशिवाय झोपल्यास बॅग जास्त उबते, ही समजूत चुकीची आहे. उलट, अरुंद बॅगेत फुगीर जॅकेट घालून शिरल्यास भरण आतून दबते. जॅकेट बॅगेवर पांघरलेले बरे.

तापमान हवामानाच्या अंदाजावरून गृहीत धरू नये. तो अंदाज जमिनीपासून साधारण दीड-दोन मीटर उंचीवरच्या हवेचा असतो, तर निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री जमिनीलगतची हवा त्याहून कित्येक अंश थंड असू शकते. किमान तापमानाची नोंद ठेवणारा तापमापक अंगापासून आणि तंबूच्या कापडापासून दूर ठेवावा. सर्वांत कडक थंडी बहुधा सूर्योदयाच्या आसपास असते, त्यामुळे मध्यरात्री उठून आत गेलेल्या माणसाची चाचणी अर्धवटच राहते.

बॅग पिशवीतून काढल्या काढल्या आत शिरू नये. तास-दोन तास ती पसरून, अधूनमधून झटकून फुगू द्यावी. पिसांची बॅग असेल तर ती दिव्यासमोर धरून पाहावी. एखाद्या कप्प्यातून उजेड आरपार दिसला, तर तिथली पिसे कडेला सरकलेली असतात. बोटांनी हलके ढकलत ती परत मध्ये आणावीत. हाताला तो कप्पा भरल्याचे लगेच जाणवते.

रात्री गार नेमके कुठे लागले, यावरून कारण बहुतेक वेळा सापडते. पाठ आणि कंबर गारठली तर आधी मॅट तपासावी. मान आणि खांदे गारठले तर गळपट्टी सैल राहिली असावी, आणि एका बाजूला वरपासून खालपर्यंत गार पट्टा जाणवला तर चेनच्या आतली भरलेली पट्टी दुमडली असेल. पाय गारठण्यामागे ओले मोजे किंवा उंचीच्या मानाने फार लांब बॅग असू शकते. पायाशी उरलेली मोकळी जागा कोरड्या कपड्यांनी भरावी. आधी घाम येऊन मग थंडी वाजली असेल, तर त्या रात्रीसाठी बॅग किंवा कपडे जास्त झाले होते. एका रात्री एकच बदल करावा, नाहीतर फरक कशामुळे पडला हे कळणारच नाही. गरम पाण्याची बाटली प्रवासात जरूर वापरावी. पण चाचणीच्या रात्री ती बॅगेची उणीव झाकते.

ओलाव्याकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष जाते. नाक-तोंड आत घेऊन झोपल्यास श्वासातील वाफ भरणात मुरते. तोंड बाहेर ठेवल्यावर हूडच्या कडेला सकाळी बर्फाचे बारीक पांढरे कण दिसतात, ते हाताने झटकता तरी येतात. अंगातून निघणारी वाफही बॅगेच्या बाहेरच्या थरात थंड होऊन साठते, आणि ओली पिसे फुगत नाहीत. एका रात्रीत हे लक्षात येत नाही. म्हणून सलग तीन रात्री न वाळवता झोपून पाहावे आणि रोज सकाळी बॅग स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर तोलावी. वाढलेले ग्रॅम म्हणजे आत राहिलेले पाणी.

घरातील कोणाला तरी सांगून ठेवल्याशिवाय, आणि उबदार खोलीपर्यंत चालत जाण्याची सोय नसताना ही चाचणी घेऊ नये. हुडहुडी आवरेनाशी झाली, जीभ जड झाली किंवा बोटांना चेन उघडणे जमेनासे झाले, तर ताबडतोब आत जावे. अंग थंडगार असतानाच हुडहुडी थांबली, तर ते बरे वाटण्याचे नव्हे, प्रकृती बिघडल्याचे लक्षण असते आणि लगेच वैद्यकीय मदत घ्यावी लागते. बंद तंबूत स्टोव्ह पेटवून ऊब आणणे कार्बन मोनॉक्साइडमुळे जिवावर बेतू शकते. मद्य घेतल्याने उबदार वाटते, पण त्वचेकडील रक्तप्रवाह वाढून शरीर अधिक उष्णता गमावते. वर सांगितलेले आकडे प्रौढांसाठीचे आहेत, त्यावरून लहान मुलांना बाहेर झोपवू नये.

शेवटच्या रात्रीनंतर बॅग उलटी करून पूर्ण वाळवावी आणि मोठ्या, सैल पिशवीत ठेवावी.